नागरा ते परसवाडा

पाण्याची बाटली दुधरामच्या डाव्या हाताशी धरून चेतना बराच वेळ तशीच बसली होती. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. शेवटी त्याच्या उजवीकडे बसलेल्या कुंदाबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"पानी देऊन राहिली ना ताई. घ्या."

दुधरामने मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे त्याला बाटली दिसली. "दिसलीच नाही बाप्पा," म्हणून तो ओशाळून हसला.

"आत गेल्यावर हेच सांगायचं," चेतना म्हणाली. "डाव्या डोळ्यानं दिसत नाही. बस. जास्त बोलायचं नाही."

"हो."

"हुशारी करायची नाही."

"नाही करत ना."

चेतना बिसेन डेपोत कंडक्टर होती आणि कामगार संघटनेच्या शाखेची सचिवही. सचिव झाल्यावर तिला एक गोष्ट कळली होती. मोर्चे आणि घोषणा वर्षातून एखाद्या वेळी, एरवी संघटनेचं काम म्हणजे बाकावर बसणं. विभागीय ऑफिसातला बाक, कामगार कोर्टातला बाक, दवाखान्यातला बाक. आजचा बाक मेडिकल बोर्डाच्या खोलीबाहेरचा होता. त्याची एक फळी तुटलेली असल्यामुळे तिघंही एका बाजूला सरकून बसले होते.

दुधराम कापगते ड्रायव्हर. जन्म तलावाकाठच्या गावातला, आजा-पणजांनी तलावाची पाळ बांधलेली, आणि घराण्यात गाडीच्या चाकाला हात लावणारा हा पहिलाच. गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत दवनीवाड्याच्या रस्त्यावर समोरून धानाच्या पेंढ्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यायला दुधरामने गाडी मागे घेत उजव्या कडेला घातली आणि झुडपं चुकवायला मान बाहेर काढून मागे वळून पाहिलं. बाभळीची फांदी सपकन डाव्या डोळ्यावर बसली. एका हाताने डोळा दाबून, दुसऱ्या हाताने त्याने गाडी उभी केली. एकाही पॅसेंजरला धक्का लागला नाही. डेपोत त्या दिवशी नोंद झाली, पट्टी झाली, आणि पट्टी निघाल्यावर दुधराम पुन्हा स्टिअरिंगवर बसला.

डोळ्यावर पांढरा डाग राहिला. डागामागची नजर हळूहळू गेली. त्याने कोणालाच सांगितलं नाही.

सांगितलं ते या महिन्यात. नागऱ्याच्या थांब्यावर त्याने गाडी डावीकडे घेतली आणि चाकाखाली एका दूधवाल्याची सायकल चेंदामेंदा झाली. दूधवाला नेमका कॅन सायकलवरच ठेवून पानठेल्यावर गेला होता. सगळा रस्ता दुधाने पांढरा झाला. लोक म्हणाले, वाचला बिचारा. दुसऱ्या दिवशी दुधराम चेतनाला गाठून म्हणाला, "ताई, मले डावीकडचं काहीच दिसून नाही राहिलं. मी आता गाडी नाही चालवत. पन घरी बसलो तर का खाऊ?"

आज ठरायचं होतं ते एवढंच. बोर्डाने 'गाडी चालवण्यास अपात्र, बैठ्या कामास पात्र' असं लिहिलं, तर कायद्याप्रमाणे महामंडळाला त्याला काढता येणार नव्हतं. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागणार होतं. 'पात्र' लिहिलं, तर उद्यापासून पुन्हा स्टिअरिंग, नाहीतर राजीनामा. आणि राजीनामा दिलेल्या माणसाला कोणताच कायदा विचारत नाही.

"कापगते!" आतून हाक आली.

चेतना प्रतिनिधी म्हणून सोबत आत गेली. कुंदाबाई डबा मांडीवर घेऊन बाहेरच थांबल्या.

खोली लांबट होती. एका टोकाला टेबलामागे डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर एक मोठं अक्षर, खाली ओळीओळीने लहान होत जाणारी. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. तक्त्याकडे नजर जाताच चेतनाने वळून दुधरामकडे पाहिलं. पण दुधरामला तिने बजावलं होतं, म्हणून ती स्टुलावर बसली.

हा तक्ता डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होता. दर काही वर्षांनी होणाऱ्या तपासणीत पास व्हायचं असेल तर तो माहीत असावाच लागे. कारण नापास झालेल्याचं काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. कायदा होता, पण डेपोत खुर्ची नव्हती. साहेब म्हणत, जागा निघेपर्यंत घरी थांबा. घरी थांबलेला माणूस थांबूनच राही. कोणी पगाराविना वर्ष काढलं, कोणी हातात झाडू घेऊन गाड्या धुतल्या. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्याने तक्ता पाठ करायचा, ही रेस्टरूमची रीत झाली होती. जुन्याने नव्याला शिकवायचा. आणि ड्रायव्हरांना अक्षरं कुठून लक्षात राहणार? त्यांना थांबे लक्षात राहतात. म्हणून कोणीतरी, कोणत्या तरी काळात, तक्त्याचा मार्ग केला होता. वरचं न म्हणजे नागरा. दुसऱ्या ओळीत दवनीवाडा, फुलचूर. तिसरीत तिरोडा, गंगाझरी, काटी. शेवटच्या ओळीत बोदलकसा, मुंडीपार, मुंडीपारला चहा, मग रावणवाडी आणि परसवाडा. असा मार्ग कोणत्याच रस्त्यावर नव्हता. या क्रमाने जाणारी गाडी जिल्हाभर नुसती गरगर फिरली असती. पण झोपेतून उठवून विचारलं तरी ड्रायव्हर हा मार्ग बिनचूक सांगत.

सहायकाने दुधरामला जमिनीवर आखलेल्या पट्टीवर उभं केलं आणि डावा डोळा पुठ्ठ्याने झाकायला सांगितलं. उजव्याने दुधरामने धडाधड वाचलं. मग पुठ्ठा उजव्या डोळ्यावर आला.

"आता डाव्यानं."

दुधराम गप्प उभा राहिला. शाबास, चेतना मनात म्हणाली.

सहायकाला भूक लागली असावी. त्याने छडीने वरच्या अक्षरावर टकटक केलं. "वाचा ना काका. काय, दिसत नाही का?"

दुधरामची पाठ ताठ झाली.

"न," तो म्हणाला.

चेतनाने मान वर केली.

"द. फ."

"हं."

"त. ग. क."

छडी खाली सरकली. पुठ्ठ्याच्या शेजारचा तो डोळा तक्त्याकडे नव्हताच. तो तक्त्याच्या बराच वर, भिंत आणि छताच्या सांध्याकडे लागला होता. लांबवर रस्ता बघताना ड्रायव्हर बघतो तसा.

"ब. म."

इथे दुधराम थांबला. सहायकाला वाटलं अडला. चेतनाला मात्र माहीत होतं की तो चहा पितो आहे.

"र. प," चहा संपवून दुधराम म्हणाला आणि परसवाड्याला गाडी लावली.

"एकदम क्लिअर," सहायकाने मॅडमना सांगितलं.

मॅडम उठून आल्या. टॉर्च मारून त्यांनी डोळा पाहिला. "बुबुळावर डाग आहे. पण नजर शाबूत आहे काका. नशीबवान आहात. फांदी लागलेले डोळे असे वाचत नाहीत." त्या मनापासून बोलत होत्या.

"थँक्यू मॅडम," दुधराम म्हणाला.

बाहेर आल्याबरोबर कुंदाबाई उभ्या राहिल्या. "का झालं?"

"पास झाले," चेतना म्हणाली.

"झाले ना? मी म्हणतच होती..." इतक्या वर्षांच्या सवयीने कुंदाबाईंचा चेहरा उजळला. मग उजेड जिथल्या तिथे विझला. "पास कसे झाले? नापास व्हाले आलो होतो ना आपण?"

"त्यांनाच विचारा."

दुधराम बाकाच्या तुटक्या बाजूला बसला, दचकून उठला आणि चांगल्या बाजूला बसला.

"काऊन वाचलं तुम्ही?" चेतनाने विचारलं. आवाज चढवायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. चढवायची ताकदही नव्हती. सकाळी पहिली गाडी करून ती इथे आली होती.

"मी नाही वाचलं ताई. तोंडानं वाचलं."

"तोंड कोणाचं होतं?" कुंदाबाई म्हणाल्या. "घरी डावीकडचं ताट दिसत नाही ह्या मानसाले. परवा मीच हाय समजून डावीकडच्या खुर्चीवरच्या लुगड्याशी बोलून राहिला होता. अन् इथं येऊन मुंगीएवढाली अक्षरं वाचते!"

"तू चूप राय."

"मी कायले चूप राहू? उद्या कोनाच्या पोरावर गाडी घालजाल तेव्हा राहीन चूप."

दुधरामने मान खाली घातली. तो आपल्या तळहातांकडे पाहू लागला. स्टिअरिंगने तिथे दोन्हीकडे सारखे घट्टे पाडले होते.

"त्यानं टकटक केलं ना ताई," तो शेवटी म्हणाला. "अन् म्हणला, दिसत नाही का. दर खेपेले हेच म्हणते तो. त्याच्या आधीचा होता तोही हेच म्हणे. तेवढं ऐकलं का वाटते, आता काढते गाडी हातातून. मंग मार्ग सुरू होऊन जाते. एकदा नागरा म्हणलं का मंधी उतरता येत नाही."

"गाडी काढालेच तर आलो आपण," कुंदाबाई म्हणाल्या, पण आता त्यांच्या आवाजात धार नव्हती. त्यांनी डबा उघडला आणि कोणीच जेवत नाही असं बघून पुन्हा बंद केला.

सहायक बाहेर आला. "रिपोर्ट जेवणाच्या सुट्टीनंतर सहीला जातील. तीनच्या सुमारास घेऊन जा," म्हणत तो कॅन्टीनकडे गेला.

चेतना खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. सही झाली की संपलं. वरच्या बोर्डाकडे अपील करता येत होतं, पण त्याला महिने लागणार, आणि तोवर दुधरामला ड्यूटी लागणार. त्याने नाही म्हटलं तर कामचुकार ठरणार. बोर्डाने धडधाकट म्हटलेला ड्रायव्हर डोळ्याचं सोंग करतो, असं साहेब लिहिणार. आणि साहेबांना तरी दोष कसा द्यायचा, कागदावर तेच असणार.

एकच उपाय होता. आत जाऊन सांगायचं, की ह्या माणसाला तक्ता पाठ आहे.

पण ते सांगितलं की मॅडम विचारणार, त्याला एकट्यालाच?

फोन वाजला. इंद्रकुमार रहांगडाले. चेतना ज्या गाडीवर कंडक्टर होती त्या गाडीचा ड्रायव्हर. इतक्या वर्षांत दोघं घंटीवरून आणि हॉर्नवरून एकमेकांचा मूड ओळखू लागले होते.

"ताई, का झालं दुधरामचं?"

"पास झाले."

पलीकडून हसू फुटलं. "अरे देवा! मार्ग म्हणून आला का? परसवाड्यापर्यंत?"

"परसवाड्यापर्यंत. मुंडीपारला चहा घेतला."

"हद झाली यार." तो बराच वेळ हसत राहिला. मग हसणं थांबलं. "आता?"

"बघते."

"ताई..." इंद्रकुमारने आवाज खाली आणला. मागे रेस्टरूममधला टीव्ही ऐकू येत होता. "एक गोष्ट ध्यानात ठेवजा. धान कापणीच्या वेळी माझी मेडिकल हाय."

"माहीत आहे."

"माझीच नाही. सात-आठ जन हायेत. दुधरामसाठी अपील करा, मोर्चा काढा, मी झेंडा घेऊन पुढं राहीन. पन तक्त्याचं नाव काढू नका. तो एकच हाय आपल्यापाशी."

"तुम्हाला दिसतं ना भाऊ नीट?"

"मले?" इंद्रकुमार म्हणाला. "मले का धाड भरली?"

फोन ठेवल्यावर चेतना तिथेच उभी राहिली. गेल्या काही महिन्यांत संध्याकाळच्या फेरीला इंद्रकुमार तिला पुढे बोलावत असे. "या ना ताई, गप्पा मारू. झोप येऊन राहिली." ती दारापाशी उभी राही आणि बोलता बोलता सांगत जाई, बैलगाडी आहे, सायकलवाला आहे, पुलाचं काम चालू आहे. त्याला खरंच झोप येते, असं तिने स्वतःला समजावलं होतं. साखरेच्या गोळ्या तो तिच्यासमोरच घेत असे.

तिने बाकाकडे पाहिलं. कुंदाबाई भाकरीचा तुकडा मोडून नवऱ्याच्या हातावर ठेवत होत्या. त्याच्या उजव्या बाजूने. डाव्या बाजूने देऊन उपयोग नाही, हे त्यांच्या हाताला पाठ झालं होतं.

चेतना आत गेली.

मॅडम टेबलावरच जेवत होत्या. "रिपोर्ट तीननंतर," वर न बघता त्या म्हणाल्या.

"रिपोर्टसाठी नाही मॅडम. कापगतेंना दुसऱ्या तक्त्यावर तपासा."

"का?"

"हा त्यांना पाठ आहे."

मॅडमचा घास हातातच राहिला. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. तो जणू त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता. "पाठ आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे दिसत नसताना वाचलं? आणि ते सुद्धा आज? अहो, दिसत नाही म्हणून अर्ज त्यांचाच आहे, आज तर नापास व्हायचं होतं ना त्यांना?"

"सवय झाली आहे."

मॅडमना हसू आलं, पण ते पुरतं यायच्या आधीच त्यांनी आवरलं. डबा बाजूला सरकवला. "मला डाग दिसला होता. शंका आली होती. पण माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवतो, तर मी काय लिहू? दिसत नाही म्हणून लिहू?" मग थोडं थांबून, "त्यांना एकट्यालाच पाठ आहे का?"

चेतनाने तक्त्याकडे पाहिलं.

"मी विचारते आहे."

"मॅडम, मी एका माणसाची प्रतिनिधी म्हणून आले आहे."

"तुम्ही कंडक्टर ना? अशाच गाडीत बसता ना? तुमच्याच ड्रायव्हरच्या मागं?"

"बसते."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," चेतना म्हणाली. "दोन्हीची वाटते. त्यांना दिसत नाही ह्याची, आणि दिसत नाही म्हटल्यावर त्यांचं जे होतं त्याची. तुम्ही अपात्र लिहिता आणि तुमचं काम संपतं. आमच्याकडं तो माणूस घरी बसतो आणि खुर्ची निघत नाही. खुर्ची निघाली असती तर कोणी हे पाठ केलं नसतं."

मॅडम उठल्या, कपाटामागे हात घालून एक गुंडाळी काढली आणि झटकली. धुळीने दोघी शिंकल्या. त्या तक्त्यावर अक्षरं नव्हती. फणीसारखं एकच चिन्ह होतं, कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे उजवीकडे, कुठे डावीकडे. दाते कुठे आहेत ते बोटांनी दाखवायचं.

"न शिकलेल्यांसाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "बोलवा त्यांना."

ह्या वेळी पुठ्ठा मॅडमनी स्वतः धरला. छडीने टकटक केलं नाही. "काका, दाते कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवा," एवढंच म्हणाल्या.

दुधरामने हात वर केला. बोटं पसरली. हात हवेत तसाच राहिला. मग तो थोडा उजवीकडे गेला, थोडा खाली आला, आणि पुन्हा मधे येऊन थांबला. सर्वांत वरचं, वीतभर मोठं चिन्ह होतं. चेतनाला स्टुलावरून ते स्पष्ट दिसत होतं. नागरा नव्हतं, दवनीवाडा नव्हता, ओळखीचा एकही थांबा नव्हता.

"तिथं काही हाय का मॅडम?" दुधरामने विचारलं.

"आहे काका."

"मंग मले नाही दिसत," तो म्हणाला. आणि हात खाली घेतला.

मॅडमनी जुना रिपोर्ट फाडला. नवा लिहिला. सही करताना म्हणाल्या, "उद्यापासून भिंतीवर हाच लावणार आहे. तुम्हाला सांगून ठेवते."

"लावा," चेतना म्हणाली.

कागद हातात आला म्हणजे खुर्ची आली, असं नव्हतं. साहेबांनी आधी जागा नाही म्हटलं. मग गाड्या धुण्याचं काम देतो म्हणाले. चेतनाने कायद्याचं कलम पुढे ठेवलं, साहेबांनी ते वाचून विभागीय ऑफिसला पाठवलं, विभागीय ऑफिसने अभिप्रायासाठी परत साहेबांना पाठवलं. ती पुन्हा बाकांवर बसली. चौकशी खिडकीत साहेबांच्या मर्जीतला एक तरणा, चांगला धडधाकट कंडक्टर बसत होता. चेतनाने त्याच्याविरुद्ध लेखी दिलं. तो तिच्याच संघटनेचा सभासद होता. त्याने संघटना सोडली आणि सोडताना दोन-चार जणांना सोबत नेलं. शेवटी दुधराम त्या खिडकीत बसला. समोरच्या काचेच्या भोकातून माणसं विचारत आणि तो मान पूर्ण वळवून उत्तर देई.

तोवर नव्या तक्त्याची बातमी डेपोभर झाली होती. कोणी फोडलं, तेही झालं होतं. चेतना रेस्टरूममध्ये गेली की टीव्हीचा आवाज वाढे. एका ड्रायव्हरने तोंडावर म्हटलं, "सचिव आमची, अन् काम डॉक्टरचं करते." तिने ऐकून घेतलं. सांगण्यासारखं तिच्याकडे होतं, पण तिला ते पुन्हा पुन्हा सांगण्याचा कंटाळा आला होता.

एका दुपारी तीन-चार जणांनी चौकशी खिडकीला घेरलं.

"दुधरामभाऊ, नवा तक्ता तू पाह्यला ना? का हाय त्याच्यावर? वरून सुरू कर. आमी मार्ग बसवतो."

दुधरामने मान वळवून एकेकाकडे पाहिलं. "अरे गधेहो," तो म्हणाला, "मले दिसला असता तर मी ह्या खिडकीत बसलो असतो का?"

हसण्याचा स्फोट झाला. रांगेतल्या बायाही हसल्या. इंद्रकुमार बाजूला उभा होता. तो हसला नाही.

त्या दिवशी संध्याकाळच्या फेरीला गाडी प्लॅटफॉर्मवर लागली, तेव्हा पॅसेंजर अजून चढायचे होते. इंद्रकुमार सीटवर बसून आरसा पुसत होता. आरसा स्वच्छ होता.

"ताई, तुम्ही होता ना आत? त्या दिवशी."

"होते."

"तुम्हाले तर दिसते." तो आरसा पुसतच राहिला. "वरून खालपर्यंत ध्यानात असन. तुमचं डोकं मले माहीत हाय. भाड्याचे सगळे टप्पे तोंडपाठ तुम्हाले."

तिच्या ध्यानात होतं. पहिल्या चिन्हाचे दाते कुठे होते, दुसऱ्या ओळीत काय, शेवटच्या ओळीपर्यंत सगळं. त्या दिवशी दुधरामचा हात हवेत थांबला होता तेवढ्या वेळात, नको असताना, तिच्या डोक्यात छापलं गेलं होतं. इंद्रकुमारची तपासणी आठवड्यावर आली होती. दोन मिनिटांचं काम होतं. कोणाला कळलंही नसतं, आणि रेस्टरूममधल्या टीव्हीचा आवाज पुन्हा कमी झाला असता.

"दिसेल तेवढंच दाखवा भाऊ," ती म्हणाली.

"अन् नाही दिसलं तर?"

"तर खुर्चीसाठी मी भांडीन."

"खुर्ची एकच होती. तिच्यावर दुधराम बसला."

"मग दुसरी मागीन."

"नाही देली तर?"

"तर नाही दिली म्हणून भांडीन. दुसरं मला येत नाही."

इंद्रकुमारने फडका सीटखाली टाकला. "तुमच्या भांडनानं दुधरामले किती दिवस घरी बसवलं, माहीत हाय ना?"

"माहीत आहे."

पॅसेंजर चढले. बाजार करून निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, एक म्हातारा आणि त्याची कोंबड्यांची टोपली. चेतनाने दारात उभं राहून डावी बाजू पाहिली, दार ओढलं आणि दोन घंट्या दिल्या. गाडी निघाली.

ती तिकिटं फाडत मागे गेली आणि पुढे आली. शहर सुटलं. दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या, मळणीचा भुसा हवेत. सूर्य अजून वीतभर वर होता. समोरून येणाऱ्या एकाही गाडीचे दिवे लागलेले नव्हते.

इंद्रकुमारने हेडलाइट लावले.

शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "ड्रायव्हर भाऊ, अजून तर दिवस हाय ना!"

"असू दे बाई," इंद्रकुमार म्हणाला.

चेतना इंजिनाच्या झाकणाजवळ दांडा धरून उभी राहिली. ह्या वेळी त्याने झोपेचं कारण सांगितलं नाही, तिनेही गप्पा काढल्या नाहीत. पुढे सायकलवाला आला तेव्हा ती म्हणाली, "डावीकडे सायकल," आणि त्याने गाडी हळू केली. पुढे एक बैलगाडी आली, तीही तिने सांगितली.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. इंद्रकुमारने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला.

"ताई," समोर काचेकडे बघत तो म्हणाला, "तो अर्ज कोनाच्या नावानं लिहा लागते?"

चेतनाने खांद्यावरची बॅग उतरवली आणि पहिल्या सीटवर बसली. दिवसभरात ती पहिल्यांदाच बसत होती.

"आगार व्यवस्थापकांच्या," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी लिहिते."